वाळू लागलेली सळई

जुन्या जेट्टीतल्या लोखंडी सळया खाऱ्या हवेने गंजून फुगल्या आणि त्यांनी आपलंच काँक्रीट फोडलं, त्या काळची ही गोष्ट. नव्या जेट्टीसाठी खाडीकाठी काचतंतूंच्या दोन सळया आल्या. गंज दोघींनाही चढणार नव्हता. एक गुळगुळीत, चकचकीत होती. दुसरीच्या अंगभर वाळू चिकटवलेली होती.

"अगं, अंघोळ तरी करून यायचंस," गुळगुळीत सळई म्हणाली.

मुकादम शिरपतलाही ती घाणच वाटली. "उद्या साहेब येणार. तारेच्या ब्रशने खरवडून काढतो ही वाळू," तो म्हणाला.

"मुकादम, हात लावू नका," घमेल्यातलं काँक्रीट गुरगुरलं. "मग मी तिला धरणार कशाने? आधी ओढून बघा, मग खुशाल खरवडा."

दोघींची टोकं काँक्रीटच्या ठोकळ्यांत रोवली. ठोकळे कडक झाल्यावर यंत्राने सळयांना ओढलं. गुळगुळीत सळई आत गेली तशीच चकचकीत बाहेर आली. वाळूवाली हलेना. काँक्रीटने तिचा कण न् कण धरून ठेवला होता. यंत्र कण्हू लागलं, तेव्हा शिरपतने ब्रश बाजूला ठेवला.

जेट्टी उभी राहिली, वाळूवाली तिच्या काँक्रीटच्या पोटात गेली. उद्घाटनाचा झेंडा लावायला गुळगुळीत सळई निवडली गेली. हार तिला, फोटो तिचा, टाळ्याही तिलाच.

आत अंधारात काँक्रीटने वाळूवालीला विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"नंतर बोलू," ती म्हणाली. "होडी लागतेय. माणसं उतरायचीत. घट्ट धर."