ठिपक्याचे चिखलाचे पाय

एक होता ठिपक्या. कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं!
एक होती सोनकी. मांजर. गुबगुबीत!
दोघं राहायची यमुनाकाकूच्या दारात.

सोनकी शी करायची आणि मातीनं झाकून टाकायची. खरड खरड खरड.
ठिपक्या शी करायचा आणि तसाच पळायचा. दुडूदुडू दुडूदुडू.
सोनकीला झाकता यायचं, ठिपक्याला यायचं नाही. एवढाच काय तो फरक. पण काकू म्हणायची, सोनकी गुणाची आणि ठिपक्या घाणेरडा.

एकदा काय झालं? काकूनं अंगण सारवलं. शेणानं, छान, गुळगुळीत. काकू आत गेली. सोनकी धावली चिमणीमागे. ओल्या सारवणावरून! थप थप थप. ठसे उमटले. पंज्यांना शेण लागलं. मग ती उंबऱ्यावर बसली. चाट चाट चाट. शेण गेलं पोटात. पंजे झाले पांढरेशुभ्र. कुणी बघितलं? कुणीच नाही.

तेवढ्यात ठिपक्या आला ओढ्यावरून. ओढ्यात पाणी नाही, नुसता चिखल. पायांना हा एवढा चिखल! भूक तर कडकडून लागलेली. पण सारवण ओलं होतं ना? शहाणं बाळ कडेकडेनं आलं.

काकू बाहेर आली. तिच्या हातात ठिपक्याची भाकर. तिनं ठसे बघितले. ठिपक्याचे पाय बघितले.
"आरं ठिपक्या! माझं सारवण तुडवलंस व्हय रं?"
"मी नाही, काकू!"
"पायाला चिखल, आन् म्हणे मी न्हाई! ती सोनकी बघ, कशी धुतल्या तांदळासारखी. जा, पाय धुऊन ये. तवर भाकर न्हाई!"
भाकर गेली वर शिंक्यात.
"सोनकीताई, तू सांग ना गं!"
सोनकीनं डोळे मिटले. चाट चाट चाट.

ठिपक्या गेला मळ्यात, पाटाकडे. दुडूदुडू दुडूदुडू.
"पाटदादा, पाटदादा, पाणी दे!
पाय धुता येईना,
काकू भाकर देईना,
भूक काही जाईना!"
पाट म्हणाला, "शी! लांबून बोल. मोट पाणी ओतेल, तर मी देईन."

ठिपक्या गेला विहिरीवर, मोटेकडे. दुडूदुडू दुडूदुडू.
"मोटताई, मोटताई, पाणी ओत!
पाट पाणी देईना,
पाय धुता येईना,
काकू भाकर देईना,
भूक काही जाईना!"
मोट म्हणाली, "शी! लांबून बोल. बैल मला ओढेल, तर मी ओतेन."

ठिपक्या गेला गोठ्यात, बैलाकडे. दुडूदुडू दुडूदुडू.
"बैलदादा, बैलदादा, मोट ओढ!
मोट पाणी ओतेना,
पाट पाणी देईना,
पाय धुता येईना,
काकू भाकर देईना,
भूक काही जाईना!"
बैल म्हणाला, "शी! लांबून बोल. कडबा खाली येईल, तर मी ओढेन."

ठिपक्या गेला गंजीकडे. गंजीवर उंच बसला होता कडबा.
"कडबेमामा, कडबेमामा, खाली ये!
बैल मोट ओढेना,
मोट पाणी ओतेना,
पाट पाणी देईना,
पाय धुता येईना,
काकू भाकर देईना,
भूक काही जाईना!"
कडबा म्हणाला, "शी! लांबून बोल. वारा मला ढकलेल, तर मी येईन."

ठिपक्या गेला माळावर. आता दुडूदुडू नाही. पाय ओढत, पाय ओढत. तो लांबच उभा राहिला.
"वारेकाका, वारेकाका, कडबा ढकल!
कडबा खाली येईना,
बैल मोट ओढेना,
मोट पाणी ओतेना,
पाट पाणी देईना,
पाय धुता येईना,
काकू भाकर देईना,
भूक काही जाईना!"
वारा म्हणाला, "असा लांब का रे बाळा?"
"मी घाणेरडा आहे ना!"
वारा म्हणाला, "अरे, गावभरची धूळ माझ्या अंगावर. मला कसली आलीय शी? ये, जवळ ये."

मग वारा सुटला, सूंऽ सूंऽ.
कडबा पडला, धप्प!
बैलानं खाल्ला, करम करम.
बैलानं मोट ओढली, कुईं कुईं.
मोटेनं पाणी ओतलं, धो धो.
पाटानं पाणी दिलं, झुळझुळ झुळझुळ.
ठिपक्यानं पाय धुतले, चुबुक चुबुक.
पाय झाले लख्ख!

ठिपक्या घरी धावला. आनंदात धावला. आणि अरे देवा! पाय पडला सावलीतल्या अजून ओल्या सारवणावर. थप!
काकूनं केरसुणी उगारली. ठिपक्यानं कान पाडले.
काकू खाली बघते तर काय? ठिपक्याच्या ठशाला पुढे नखांची चार टिंबं. शेजारच्या जुन्या ठशांना नखंच नाहीत! चालताना नखं आत कोण ठेवतं? मांजर!
"आगं बया! सोनकी, तूच व्हय?"
सोनकीचं आपलं तेच, चाट चाट चाट.

काकूनं केरसुणी ठेवली. शिंक्यातली भाकर काढली. ती वाळून कडक झाली होती.
"काकू, मी नव्हतो ना?"
"न्हवतास."
"मग मला घाणेरडा का म्हणालीस?"
"बरं बरं. खा आता."

ठिपक्यानं भाकर खाल्ली. कटक कटक. सगळी खाल्ली. पण शेपटी काही हलली नाही.
सोनकी चढली काकूच्या मांडीवर.

भाकर गेली ठिपक्याच्या पोटात,
"चुकलं माझं" राहिलं काकूच्या ओठात.