टिटवी दगडावर बसली

माणसांनी काठावर घरं बांधायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नदीला महापूर आला आणि काठावरचा उंबर साळुंकीच्या ढोलीसकट, ढोलीतल्या तीन पिल्लांसकट वाहून गेला.

पूर ओसरला तरी साळुंकी उंबराच्या जागी उरलेल्या दगडावर बसून राहिली. शेजारच्या उंच बाभळीवरची सुगरण मोठी कामसू. तिने चार दिवस खपून साळुंकीसाठी घरटं विणलं.

"चल गं बाई, आत ये. पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं होतील."

साळुंकीने मान फिरवली. सुगरणीला राग आला. एवढी मी राबले, आणि हिला त्याचं काहीच नाही!

तेवढ्यात वाळूतून टिटवी चालत आली. सुगरण आडवी आली. "तू नको इथे. तुझं ओरडणं अशुभ. आधीच तिच्यावर आभाळ कोसळलंय."

"ओरडत नाही," टिटवी म्हणाली. "नुसती बसते."

ती बसली. ऊन डोक्यावर आलं, कललं, तरी ती एक शब्द बोलली नाही. शेवटी साळुंकीनेच विचारलं, "तुझी अंडी वाळूतच होती ना गं?"

"हो. चार."

"माझ्या धाकट्याचे अजून डोळेही उघडले नव्हते," साळुंकी म्हणाली, आणि पुरानंतर पहिल्यांदा रडली.

सुगरण नव्या घरट्यासाठी आणखी एक काडी घेऊन आली होती. वाळूतल्या अंड्यांचं तिने टिटवीला एकदाही विचारलं नव्हतं. तिने काडी खाली ठेवली आणि टिटवीच्या शेजारी गुपचूप जाऊन बसली.