उत्तर येईपर्यंत

एक होते आचार्य. आश्रमात बसून वेद शिकवणारे नव्हेत. संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवता शिकवता ज्यांचे केस पांढरे झाले, असे. त्यांचा एक शिष्य फार हुशार निघाला. आपण हुशार आहोत हे त्यालाही पक्के ठाऊक होते, आणि घोडे तिथेच पेंड खात होते.

या शिष्याने एका रक्तपेढीसाठी आज्ञावली लिहिली होती. एके सकाळी तो धापा टाकत आचार्यांच्या घरी आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, भयंकर झालं! एका रुग्णाला दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. रक्तपेढीतल्या माणसानं पिशवी राखून ठेवायचं बटण दाबलं. सगळा साठा तपासायला यंत्राला वेळ लागतो. स्क्रीन जशीच्या तशी राहिली, म्हणून तो बटण परत परत दाबत सुटला. प्रत्येक वेळी त्याच रुग्णाच्या नावावर आणखी एक पिशवी अडकली. मग एका बाळंतिणीला तेच रक्त लागलं, तर यंत्र म्हणालं, शिल्लक नाही. पिशव्या समोर फ्रिजमध्ये होत्या, सर! कुणीतरी फ्रिज उघडून पाहीपर्यंत फार उशीर झाला. ती अजून शुद्धीवर नाही."

आचार्य सुन्न झाले. शिष्याचा स्वर मात्र चढला. "पण काम तर चालूच होतं ना? माझी आज्ञावली कुठे चुकली? त्या माणसाला जरा दम धरवला नाही! तुम्हीच सांगा, दोष कुणाचा?"

आचार्यांनी डोळे मिटले. ते काहीच बोलेनात.

शिष्य थांबला. "सर?" उत्तर नाही. "सर, ऐकताय ना?" चेहऱ्यावरची रेषाही हलेना. म्हाताऱ्या माणसाला अशी बातमी एकदम सांगायला नको होती, हे शिष्याच्या मनात आले आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. त्याने आचार्यांना गदागदा हलवले, तोंडावर पाण्याचा हबका मारला, "अहो, धावा कुणीतरी!" म्हणून टाहो फोडला. शेजारच्या काकू ठेचलेला कांदा घेऊन धावत आल्या आणि तो त्यांनी आचार्यांच्या नाकाशी धरला. शिष्य रुग्णवाहिकेला फोन लावू लागला.

तेवढ्यात आचार्यांनी डोळे उघडले. "कांदा राहू द्या. मी धडधाकट आहे."

"धडधाकट?" काकू कडाडल्या. "इथं आमचा जीव जायची वेळ आली की!" आणि पदराने घाम पुसत त्या तणतणत निघून गेल्या.

शिष्याने फोन बंद केला. भीती ओसरली तसा त्याला संताप आला. "सर, ही काय थट्टा? तुम्ही करत काय होतात?"

"तुझ्याच प्रश्नाचा विचार."

"मग तसं सांगायचं होतं! 'विचार करतोय, थांब' एवढं जरी बोलला असतात, तर मी..."

वाक्य अर्धेच राहिले. आपण काय बोललो ते त्याच्याच कानांवर आदळले.

"तुला भिववलं, त्याची क्षमा कर," आचार्य म्हणाले. "मी ठीक आहे हे मला ठाऊक होतं. तुला ते कसं कळावं? गप्प बसलेला माणूस आणि गतप्राण माणूस बाहेरून सारखेच दिसतात. तू काही उतावळा नव्हतास, घाबरला होतास. तो रक्तपेढीतला माणूसही घाबरलाच होता. त्याच्यापुढे कुणाचा तरी जीव होता. काम सावकाश होणं हा अपराध नव्हे, काही कामं सावकाशच व्हायची. पण काम चालू आहे, अमुक वेळ लागेल, लांबलं तर पुन्हा सांगतो, हे वाट पाहणाऱ्याला सांगायलाच हवं. ते न सांगता त्याला अंधारात ठेवलंस, तर पुढे त्याच्या हातून जे घडेल त्यात तुझाही हात असतो."

शिष्याने मान खाली घातली. डोळ्यांतले पाणी त्याने लपवले नाही. "आज्ञावली आजच सुधारतो, सर. पण त्या बाईच्या घरच्यांपुढे कोणत्या तोंडानं जाऊ? काय बोलू त्यांच्याशी?"

आचार्य गंभीर झाले. "याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. विचार करावा लागेल. वेळ लागेल. तू बस, मी इथेच आहे."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. शिष्य त्यांच्याजवळ बसून राहिला. या वेळी त्याने हाक मारली नाही.