कोरड्या पायांची शाळा

त्या राज्यात तळं एकच होतं, आणि ज्याला त्यातला मासा धरता येई तोच जगत असे. म्हणून पूर्वी पिल्लांना पंख फुटले की आईबाप त्यांना सरळ पाण्यावर नेत. पिल्लं नाकातोंडात पाणी जाऊन ठसकत, भोकाड पसरत आणि आठवडाभरात मासा धरू लागत. या पद्धतीत रडारड फार, अशी तक्रार होती. ती दूर करायला बगळेगुरुजींनी काठावर शाळा काढली.

गुरुजींचं म्हणणं कानाला मोठं गोड लागे. प्रत्येक पिल्लाची प्रकृती निराळी, तेव्हा त्यानं आपापल्या आवडीनं शिकावं. प्रवेशाच्या दिवशी एकच प्रश्न असे: "बाळ, मासा धरायला तुला कसं शिकायला आवडेल? बघून, ऐकून, की करून?" बघणाऱ्याच्या पायात पिवळा दोरा बांधत, ऐकणाऱ्याच्या निळा, करणाऱ्याच्या लाल. एकदा बांधलेला दोरा जन्माचा. गुरुजींच्या पायात मात्र दोरा नव्हता. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून शिकवत आणि वाक्य अर्धवट सोडून मधूनच एखादा मासा गट्ट करत. हा त्यांचा खासगी मामला समजला जाई.

निळाई ही खंड्याची मुलगी. बाप ससाण्यानं नेलेला. आई एकटीच दोघींपुरते मासे आणी, आणि त्या वर्षी आईच्या चोचीला तडा गेला होता.

"माझी चोच आहे तोवर शीक गं बाई," एवढं सांगून आईनं तिला शाळेत घातलं. प्रश्न आला तेव्हा निळाईनं खाली पाहिलं. पाणी गार होतं, खोल होतं, आणि तिला त्याची भयंकर भीती वाटत होती.

"ऐकून," ती म्हणाली. गुरुजी प्रसन्न झाले आणि त्यांनी स्वतःच्या चोचीनं निळा दोरा बांधला.

मग निळाई ऐकत राहिली. मासा दिसतो तिथे नसतो, थोडा खाली असतो, हे तिला झोपेतसुद्धा म्हणता येऊ लागलं. पिवळ्या दोऱ्याची पिल्लं फांदीवर बसून दिवसभर तळं न्याहाळत. लाल दोऱ्याची बिचारी सर्वांत कष्टाळू. ती हिरवळीवर सूर मारत आणि गवताची पाती शिकार म्हणून घेऊन येत. पाणी अभ्यासक्रमात होतं, पण शेवटच्या धड्यात, आणि त्या धड्यापर्यंत शाळा कधी पोचलीच नव्हती.

एकदा आई म्हणाली, "चल, आज माझ्याबरोबर एक बुडी मारून बघ."

"आई, मी ऐकणारी आहे," निळाई समजूत घातल्यासारखी म्हणाली. "बुड्या लाल दोरेवाल्यांनी मारायच्या असतात."

आई तडक शाळेत गेली. "गुरुजी, पोरीला पाण्यात घाला हो. माझी चोच काही आता फार दिवस टिकत नाही."

"बाई," गुरुजी मान वेळावून म्हणाले, "तुमच्या चोचीसाठी मुलीच्या प्रकृतीचा बळी द्यायचा का?" आणि त्यांनी एक मासा गिळला. आई परत आली. रागापेक्षा तिला लाज वाटत होती, कारण शाळेत सगळ्यांनी तिच्याकडे अडाणी म्हणून पाहिलं होतं.

परीक्षा झाली. बघणाऱ्यांनी मासे ओळखले, करणाऱ्यांनी गवत आणलं, निळाईनं एकही शब्द न चुकता सगळं म्हटलं. सारी शाळा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. निळाई ही बातमी घेऊन फांदीवर आली, तेव्हा आई बसून होती. वरची चोच निम्मी तुटून पडली होती.

दोन दिवस दोघी उपाशी राहिल्या. तिसऱ्या सकाळी आईनं तसाच सूर मारला आणि रिकामी वर आली. पुन्हा मारला, पुन्हा रिकामी. तिसऱ्यांदा तिला वर यायला फार वेळ लागला. आई काठावरच्या चिखलात धापा टाकत पडली होती, आणि पाण्यात एक चंदेरी रेघ हलत होती.

निळाईनं डोळे मिटले आणि उडी टाकली. पाणी वाटलं होतं त्याहून गार निघालं. ती ठसकली, रडली, पुन्हा वर चढली. सहा वेळा मासा जिथे दिसला तिथे नव्हता. सातव्या वेळी ती थोडी खाली गेली, आणि शाळेत शंभरदा म्हटलेलं ते वाक्य तिला तेव्हा कुठे कळलं.

बोटभर मासा तिनं आईच्या तुटक्या चोचीत घातला. आईनं तो गिळला आणि लेकीच्या पायाकडे बघत राहिली.

"अगं, तुझा दोरा?"

निळ्याचा मागमूस उरला नव्हता. पायात साधा पांढरा सुती दोरा होता.

बातमी शाळेत पोचायला वेळ लागला नाही. दोन लाल दोरेवाली पिल्लं चोरून पाण्यात उतरली, त्यांचेही दोरे पांढरेच निघाले. गुरुजींनी तातडीनं सूचना लावली: सर्वांनी दोरे पुन्हा रंगवून घ्यावेत आणि रंग पक्का होईपर्यंत पाण्यापासून दूर राहावं. दुसऱ्या दिवशी काठावर पिल्लांची लांबच लांब रांग लागली.

त्या रांगेवरून निळाई आईसाठी मासा घेऊन चालली होती. तिच्या ओल्या पंखांतून तीन-चार थेंब खाली पडले, आणि रांगेतल्या सगळ्या पिल्लांनी घाईघाईनं आपापला दोऱ्याचा पाय पोटाशी घेतला.