शेठचं सहावं बोट

हळदीच्या पेठेत भाव तोंडाने ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरून सौदा करायचा, ही तिथली जुनी चाल. हळद विकणारे मल्लाप्पाशेठ शेटे भाव ठरवताना दोन बोटं धरायचे आणि माल पोचला की म्हणायचे, "तीन होती!" रुमालाआड शेठना सहावं बोट फुटतं, असं पेठ त्यांच्या पाठीमागे म्हणायची. तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती, कारण प्रत्येकाचाच व्यवहार शेठशी अडकलेला.

यंदा दणका बसला मसाल्याच्या गिरणीवाल्या अक्काताई मगदूमना.

"शेठ, इतक्या वर्षांच्या संबंधात हे?"

शेठ मिशीत हसले. "रुमालाआड काय ठरलं त्याला साक्षीदार आहे का? असला तर आणा की, अक्का."

पुढच्या सौद्याला अक्कांनी भर पेठेत हात पुढे केला आणि त्यावर टाकला मच्छरदाणीचा तुकडा. हमालांनी पोती खाली ठेवली. चहावाला किटलीसकट पुढे घुसला.

शेठ भडकले. "हा काय रुमाल झाला? अख्खी पेठ बघतेय!"

"साक्षीदार तुम्हीच मागितलात. एकटादुकटा तुम्हाला घाबरतो, म्हणून सगळेच आणले."

हात मागे घ्यावा, तर पेठ तेही बघणार. शेठनी मुकाट्याने बोटं धरली.

"दोन!" पेठ एका सुरात ओरडली.

त्या आठवड्यात गावात मच्छरदाणी मिळेना, आणि शेठच्या हाताला तेव्हापासून पाचच बोटं आहेत.