दरीच्या जागी स्टूल

"उस्ताद, साडेसात इंची टायर चढवलेत. बरोबर आहे ना?"

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. ते कार्बोरेटरचं जेट फुंकून साफ करत होते.

"कुणासाठी?"

बिरू कोळेकर गोंधळला. टायर जीपसाठी असतात, आणि जीप तर समोर उभी होती.

मिलिटरीच्या लिलावातली जीप. बिरूपेक्षा वयानं वीस वर्षांनी मोठी. आजऱ्याबाहेरच्या याच पत्र्याच्या शेडमध्ये उस्तादांनी त्याच्या हातात पहिला पाना दिला होता. पुढं तो पुण्याला गेला, मोठ्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं राहिला. रविवारी हौसेनं डोंगर चढवणाऱ्यांच्या गाड्यांना असेच रुंद, गुबगुबीत टायर तो बसवत आला होता. चिखलात गाडी रुततच नाही म्हणे.

खरं सांगायचं तर तो विचारायला आलाच नव्हता. त्याला शाब्बासकी हवी होती.

त्यानं खिशातून वही काढली. मडगार्डपासून टायर किती लांब, स्प्रिंगच्या पाट्यापासून किती लांब, गाडी जमिनीपासून किती वर उठली, सगळं त्यानं मापून लिहिलं होतं. चाक पूर्ण वळवलं की रुंद टायर आतल्या पाट्याला घासत होता, म्हणून चाकाचं वळणं अडवणारा स्टॉपरचा बोल्ट त्यानं थोडा बाहेर फिरवून ठेवला होता. आता चाक थोडं अलीकडेच थांबायचं आणि घासायचं नाही. ही युक्ती सांगताना तो जरा जास्तच खुलला.

उस्तादांनी जेट उजेडाकडे धरून पाहिलं.

"कुणासाठी, म्हटलं मी."

बिरूचा आवाज खाली आला.

"सगुणासाठी."

सगुणा त्याची धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, वर पठारावरच्या धनगरवाड्यात. पायांवर सूज होती. नर्सबाईंनी बजावलं होतं की हिला एक पाऊलही चालवायचं नाही, शुक्रवारी दवाखान्यात आणायचंच. आज मंगळवार होता.

धनगरवाड्यावरून खाली यायला एकच वाट. मधे एक अरुंद वळण, आत कातळ आणि बाहेर दरी. आजवर माणूस आणायचं तर डोलीतून. वेळूच्या दांडीला घोंगडं बांधायचं, चौघांनी खांदा द्यायचा. दोन वर्षांपूर्वी बिरूच्या वहिनीला असंच आणलं होतं. ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही. पुढच्या खांद्याला बिरू होता.

त्या दिवशी त्यानं ठरवलं होतं, या वाटेनं पुन्हा कुणाला डोलीतून आणायचं नाही. सहा महिने पुण्यात जादा काम करून त्यानं जीप उभी केली होती.

उस्तादांनी जेट खाली ठेवलं.

"वळण केवढं हाय?"

"कुठलं?"

"तुला ठावं हाय कुठलं."

बिरूनं वही चाळली. वहीत जीपचं सगळं होतं…

"मापलं न्हाई," तो म्हणाला.

"मापलंयस."

उस्ताद उठले. शेडच्या कोपऱ्यातला लांब वेळू त्यांनी ओढून आणला. मागचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सत्तरीचा म्हातारा, गुडघे कुरकुरणारे, पण खांदा सरळ.

"चप्पल काढ. पुढं हो."

बिरूनं चप्पल काढली. वेळू खांद्यावर आला आणि त्याचे डोळे आपसूक मिटले. वळणावर मागच्यांनी जागेवर उभं राहायचं, पुढच्यांनी कडेकडेनं आखूड पावलं टाकत फिरायचं. हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. अंगणातल्या तांबड्या धुळीत त्याचे पाय आपोआप वळत गेले.

एक. दोन. तीन. चार.

पाचव्या पावलाला तो थांबला.

"हितं वहिनीचं कण्हणं थांबलं."

उस्तादांचाही श्वास चढला होता. शेजारच्या टपरीतली अनसूयाबाई चहाची गाळणी हातात तशीच धरून बघत राहिली.

"पुढं चल," उस्ताद म्हणाले. "थांबू नको."

आणखी चार पावलं. मग वाट सरळ झाली आणि बिरूनं डोळे उघडले. तो रडत होता. त्यानं ते लपवलं नाही.

उस्तादांनी चुन्याचा डबा आणला. पावलांच्या ठशांवरून चुन्याची रेघ ओढत गेले. आतल्या बाजूला, जिथं कातळ होता, तिथं धुण्याचा दगड ढकलून ठेवला. मग शेडमधलं लाकडी स्टूल आणून रेघेच्या बाहेर मांडलं आणि त्यावर बसले.

"माझ्यापासनं दरी. आण गाडी."

बिरूनं जीप आणली. वळणाच्या तोंडाशी स्टिअरिंग फिरवत गेला. बोल्टवर टक्‌ असा आवाज झाला आणि चाक थांबलं. गाडी थांबली नाही. पुढचं चाक चुन्यावरून गेलं. बिरूनं ब्रेकवर सगळा भार टाकला.

बंपर उस्तादांच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर थांबला.

उस्ताद होते तसे बसले होते. मांडीवर धूळ उडाली होती, ती त्यांनी झटकली.

बिरू उडी मारून खाली उतरला.

"उस्ताद, सरकला का न्हाई?"

"दरी सरकती व्हय?"

"एकदा मागं घेऊन पुन्हा वळवीन की…"

"मागं काय हाय?"

बिरूनं वळून धुण्याच्या दगडाकडे पाहिलं. मागं कातळ होता. त्याला ते ठाऊक होतं.

पण तो हट्टाला पेटला. दुसऱ्यांदा त्यानं गाडी आतून कापली. मागचं चाक दगडावर चढलं आणि जीप दरीच्या अंगाला कलली. तिसऱ्यांदा तो जीपखाली घुसला, बोल्ट पुन्हा आत घेतला आणि चाक पूर्ण वळू दिलं. टायर पाट्याला घासला. जळक्या रबराचा वास अंगणभर झाला आणि स्टिअरिंग हातात अडकून बसलं. या खेपेला बंपर आणि गुडघे यांच्यात चार बोटं उरली.

अनसूयाबाई टपरीतून बाहेर आली. म्हाताऱ्याला वेड लागलंय आणि पोराला त्याहून जास्त, असं तिनं दोघांनाही ऐकवलं. उस्तादांनी तिच्याकडे चहा मागितला. स्टूल सोडलं नाही.

बिरू बराच वेळ जीपच्या सावलीत बसून राहिला. नव्या टायरकडे बघत. दिसायला झकासच होते ते. पुण्याहून येताना वाटेत दोघांनी थांबून त्यांची तारीफ केली होती.

मग तो उठला आणि त्यानं जॅक लावला.

"माझे जुने कुठं हायत?"

उस्तादांनी हनुवटीनं शेडमागं दाखवलं.

जीपचे मूळचे टायर. सहा इंची, अरुंद, उंच, सायकलीला शोभावेत असे किडकिडीत. गेल्या साली पावसाळ्यात बिरूनं ते नकोसे म्हणून इथं टाकले होते, भंगारात द्या म्हणून. चारही टायर सावलीत उभे केलेले होते. एका जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून दर महिन्याला कुणीतरी फिरवून ठेवत होतं. खडूच्या खुणा होत्या, तेरा.

बिरूनं खुणा मोजल्या.

त्यानं एकट्यानं चारही चाकं बदलली. बोल्ट पूर्वीच्या जागी असल्याची खात्री केली. मग जीप सुरू करायला निघाला, तेव्हा उस्ताद म्हणाले, "मोकळी का?"

दोन तांदळाची पोती मागं टाकली. त्यांच्यामध्ये अनसूयाबाई बसली. आपल्याला डोलीतलं माणूस समजू नका, मी चांगली धडधाकट आहे, असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही हातांनी बार घट्ट धरला.

बिरूनं गियर टाकला.

वळणाच्या तोंडाशी त्यानं स्टिअरिंग फिरवलं. फिरवत राहिला. चाक वळत राहिलं. पाचव्या पावलाच्या ठशाजवळही त्यानं पेडलवरचा पाय उचलला नाही. पुढचं चाक चुन्याच्या आतून गेलं, मागचंही गेलं. दगड हातभर लांब राहिला.

रेघ शाबूत होती.

"आणखी एकदा," बिरू स्वतःच म्हणाला.

मग आणखी एकदा. मग अनसूयाबाई उतरून आपल्या गिऱ्हाइकाकडे गेली, तरी आणखी एकदा. शेवटी अंगणात पाणी ओतून त्यानं चिखल केला आणि चिखलातून नेली. अरुंद टायर चार बोटं खाली गेले, खालच्या मुरमाला लागले आणि तिथं धरून चालले. डोली वाहताना आपला पायही असाच खाली जाऊन धरायचा, हे त्याला तेव्हा आठवलं.

ऊन उतरलं. अकराव्या फेरीनंतर त्यानं इंजिन बंद केलं.

उस्ताद अजून स्टुलावरच होते. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखला होता.

बिरूनं वही काढली. कानामागची पेन्सिल काढली. थकला होता, तरी चेहऱ्यावर थोडी जुनी ऐट परत आली होती.

"म्हणजे सहा इंचीच बरोबर, उस्ताद. लिहून ठेवतो."

उस्तादांनी गुडघ्यावरचा चिखल खरवडला.

"सांगा की. सहा इंची बरोबर ना?"

उस्ताद चुन्याच्या रेघेकडे बघत होते…

बिरूनं वही मिटली. पुढं होऊन त्यानं उस्तादांना उठवायला हात दिला.

"उठा आता. दिवसभर बसलाय हितं."

उस्तादांनी हात धरला नाही.

"तू जा," ते म्हणाले. "शुक्रवारी त्या वळणावरबी मी असाच दरीकडं बसलोय."