गुळगुळीत घर

फार मागची गोष्ट. ठोकाठोकीला घाबरून पळालेली भुरी, एक आंधळी मांजर, चौथ्या दिवशी घरी परतली, तर दारात पंजांना काथ्याचं पायपुसणं टोचलंच नाही. ती दचकली. पायपुसणं टोचलं की दार, सतरंजी खरखरली की माजघर आणि गोधडीचे टाके लागले की पिल्लू, एवढाच तिला रस्ता ठाऊक. आता पंजांखाली नुसता गुळगुळीत गारवा.

“गोधडी कुठंय गं?”

“ती खरबरीत, गावंढळ मंडळी गेली अडगळीत,” नवी फरशी ऐटीत म्हणाली. “आता भिंतींवरसुद्धा मीच!”

“अगं बाई, माझं पिल्लू कुठल्या बाजूला?”

“सगळ्या बाजू सारख्याच की!”

भुरी घसरत, धडपडत फिरली. शेवटी जीव एकवटून तिनं हाक मारली, “पिंगू!”

चारी भिंतींनी लगेच ओ दिली, तिच्याच आवाजात, “पिंगू! पिंगू!”